वृद्धाश्रम की शुश्रूषा केंद्र? आधी रात्रीचं बघा

मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे. ओळखीतली माणसं विचारतात, "सिस्टर, आईला कुठं ठेवू?" मी आधी एवढंच विचारते: रात्री लघवीला त्या एकट्या उठून जातात का?

जागेचा प्रकार यावरच ठरतो. स्वतः उठतात, अंघोळ करतात, गोळ्या आठवणीनं घेतात, त्यांना साधा वृद्धाश्रम चालतो. ऐपत असेल तर ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पात घर घ्या. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती वाचून मगच फ्लॅट बघायला जा. हात धरून न्यावं लागत असेल तर चोवीस तास मदतनीस हवेत. अंथरुणाला खिळलेल्या किंवा नळीनं जेवणाऱ्या माणसाला मात्र नर्सिंगची सोय असलेलं केंद्रच लागतं.

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती जाण्याच्या आजाराचं, वेगळं आहे. माणूस अंगानं धडधाकट दिसतो म्हणून घरचे साध्या वृद्धाश्रमात ठेवतात. माझ्या थोरल्या नणंदेला असंच ठेवलं होतं. दिवसभर शांत असायच्या, पण दिवेलागणीला "मला घरी जायचंय" म्हणत फाटकाकडे जायच्या. या आजारात संध्याकाळी घालमेल वाढते. ते ओळखणारी माणसं आणि बंदिस्त पण मोकळं आवार जिथं आहे, तीच जागा शोधा.

जागा बघायला संध्याकाळी सातनंतर जा. दिवसाचे कर्मचारी गेल्यावर किती जणांमागे एक मदतनीस उरतो, ते तेव्हा दिसतं. तिथल्या आजी-आजोबांची नखं बघा, कानामागे बघा. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. कूस बदलल्याची नोंद दाखवा म्हणा. ती नसेल तर मी तिथं माझं माणूस ठेवणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत: "उद्या हे अंथरुणाला लागले तर ठेवून घ्याल का?" अनेक वृद्धाश्रम फक्त चालत्या-फिरत्यांना घेतात. खुब्याचं हाड मोडलं की फोन येतो, घेऊन जा. मग ऑपरेशन झालेल्या आईला घेऊन दोन दिवसांत नवी जागा शोधायची, यासारखे हाल नाहीत. उत्तर लेखी घ्या. अनामत कधी परत मिळते, डायपर आणि रुग्णवाहिकेचे पैसे वेगळे का, रात्री कुठल्या दवाखान्यात नेतात, हेही त्यातच लिहून घ्या.

पैशाची सोय नसेल तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या 2007 च्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे.

आणि ज्यांना राहायचंय त्यांना जागा बघायला बरोबर न्या. तिथल्या पंगतीत एकदा जेवू द्या. जमलं तर पंधरा दिवस राहून बघू द्या, आणि तोवर त्यांची घरातली खोली आवरायला घेऊ नका.