४,२९,४९,६७,२९७ चे अवयव कागद-पेनवर कसे काढायचे

मोठा आकडा दिसला की लगेच ७, ११, १३ करत भागत सुटू नका, आधी तो बनलाय कसा ते बघा. आपली संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५५३७ (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) या मूळ संख्यांच्या रांगेतली ही पुढची, आणि १६४० च्या सुमारास फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं की हीसुद्धा मूळच असणार. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ते खोटं ठरवलं.

आधी सोप्या कसोट्या. शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ पण बाद. ७, ११ आणि १३ तिन्ही एका झटक्यात तपासता येतात कारण त्यांचा गुणाकार १००१ होतो: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा, २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, विषय संपला.

आता खरी गंमत. असंच पुढे गेलात तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या आहेत, कोण बसणार भागत! पण ऑयलरचा नियम सांगतो की या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... आणि पाचव्यालाच काम होतं.

६४१ साठी तर भागाकारसुद्धा लागत नाही. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६, हे दोन्ही लिहून ठेवा. पहिल्यावरून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे १ कमी पडतो), त्याचा चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ टाका, १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ आली. त्यात १ मिळवा, शून्य! मला तरी यापेक्षा देखणी सिद्धता पटकन आठवत नाही.

भागाकार येतो ६७,००,४१७. हा मूळ आहे का? वर्गमूळ साधारण २५८८, आणि पुढे ल्युकास या फ्रेंच गणित्याने ऑयलरचा नियम अजून कडक केला, ६४ ऐवजी १२८ ची पट. त्यामुळे फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ ने भागून बघायचं, बाक्या येतात १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे मूळ आहे.

आपली सुरुवातीची संख्या मूळ नाही याचा वेगळा पडताळा हवा असेल तर वर्गांची बेरीज करा: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९², दोन्हीकडे तीच संख्या येते, आणि मूळ संख्या अशी दोन वेगळ्या प्रकारे कधीच लिहिता येत नाही.