सॉफ्टवेअरच्या वेष्टनाने गिऱ्हाईक वळते का, हे आपल्या दुकानात कसे तपासावे

कुडाळच्या बाजारपेठेत संगणकाचे दुकान चालवताना एक दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले आहे. गिऱ्हाईक अँटिव्हायरसचा खोका हातात घेते, पुढून-मागून फिरवते आणि नारळात पाणी आहे की नाही हे पाहावे तसा तो कानाशी नेऊन हलवते. आत पातळ पुठ्ठ्याचे एक कार्ड आणि त्यावर खरडायची पट्टी, एवढाच ऐवज असतो. ते कार्ड खडखडले की ‘एवढ्याशा कागदाचे एवढे पैसे?’ हा प्रश्न चेहऱ्यावर उमटतो. तरीही बरेचदा तोच खोका विकत घेतला जातो. तो वेष्टनामुळे घेतला गेला की माझ्या सांगण्यावरून, हे अंदाजाने न ठरवता मोजून पाहण्याची रीत येथे देत आहे. दुकानदारांना आणि स्वतः छोटे सॉफ्टवेअर तयार करून विकणाऱ्यांना ती सारखीच उपयोगी पडेल.

मोजायला बसण्यापूर्वी वेष्टनाचा प्रश्न उद्भवतोच का, हे समजून घ्यावे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले: घेण्यापूर्वी पाहून पारखता येतात त्या, आणि वापरल्यावरच कळतात त्या. सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारात मोडते. हापूसची पेटी निदान उघडता येते, वास घेता येतो, हात घालून खालचा थर चाचपता येतो. सॉफ्टवेअरच्या खोक्यात चाचपण्याजोगे काहीच नसते. म्हणून गिऱ्हाईक खोक्यालाच चाचपते. विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतले तर १३ फ्लॉप्या यायच्या, आणि त्या काळी सॉफ्टवेअरच्या खोक्यात जाडजूड पुस्तिकाही असायची. खोक्याच्या वजनाला तेव्हा काही अर्थ होता. २०१३ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने आपल्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर नेल्या, इतरांनीही तीच वाट धरली आणि खोका रिकामा होत गेला.

आता तपासणीकडे वळू. सर्वप्रथम आपल्या विक्रीची वही उघडून प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे ‘हे घ्यायचे, असे कोणी ठरवले’ याची नोंद करावी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा निर्णय बहुधा दुकानाबाहेरच झालेला असतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर तर सीए किंवा कर सल्लागार जे वापरतो तेच घेणे व्यापाऱ्याला सोयीचे ठरले. तेथे खोका सोन्याचा केला तरी फरक पडत नाही. तारकर्ली-मालवणकडच्या होमस्टेवाल्यांसाठीचे बुकिंगचे सॉफ्टवेअर शेजाऱ्याकडे चालताना पाहून घेतले जाते. उरते ते अँटिव्हायरस, मुलांच्या अभ्यासाचे सॉफ्टवेअर आणि किरकोळ बिलिंगची साधने. यांचा निर्णय काउंटरसमोर उभे राहून होतो, आणि वेष्टनाची चाचणी फक्त यांच्यावरच घ्यावी.

चाचणी घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम कटाक्षाने पाळावा. माझेच उदाहरण देतो. आंब्याच्या हंगामात किती पेट्या कोणाकडे गेल्या आणि दलालाकडून आलेल्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या कागदात) हमाली, वाहतूक, दलाली किती कापली गेली, याचा मेळ घालणारे एक छोटे सॉफ्टवेअर मी विकतो. त्याची दोन वेष्टने केली. आकार, रंग आणि किंमत तीच ठेवली; फक्त एकाच्या दर्शनी बाजूवर इंग्रजी वैशिष्ट्यांची यादी होती, तर दुसऱ्यावर मराठीत एकच वाक्य होते: ‘पट्टी आली की लगेच कळेल, पेटीमागे हातात किती पडले.’ एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरे, असे आलटून पालटून फळीवर ठेवले. मार्चमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरे ठेवले असते, तर मी वेष्टन मोजले नसते, हंगाम मोजला असता. हीच काळजी गणपतीच्या आठवड्यात घ्यावी, कारण तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात आणि त्यांची खरेदी निराळी असते.

वहीत प्रत्येक आठवड्याचे तीन आकडे लिहावेत: किती जणांनी खोका उचलला, किती जणांनी तो उलटून मागची बाजू वाचली आणि किती जणांनी घेतला. मधला आकडा सर्वांत बोलका असतो. उचलून परत ठेवला, तर दर्शनी बाजूने फक्त कुतूहल जागवले. वाचून परत ठेवला, तर मागच्या बाजूला हवे ते उत्तर मिळाले नाही. आकडे लहान असताना निष्कर्षाची घाई मात्र करू नये. एका वेष्टनाचे ११ आणि दुसऱ्याचे ९ खपले, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तो फरक एखाद्या पावसाळी दिवसानेही पडतो.

‘खोका पाहून घेतलेत का?’ असे गिऱ्हाइकाला थेट विचारू नये. कोणीही हो म्हणणार नाही. आपण वरवरचे पाहून पैसे खर्च केले, हे कबूल करणे कोणाला आवडते? त्याऐवजी विक्री झाल्यावर सहज विचारावे, ‘यात तुम्हाला काय काय मिळणार आहे?’ उत्तरात वेष्टनावरचेच शब्द आले, तर वेष्टन वाचले गेले आहे. माझे शब्द आले, तर विक्री माझ्या तोंडाने केली आहे. माझ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मराठी वाक्य असलेला खोका जास्त वेळा उलटला गेला, पण तो घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी डेमो मागितला. म्हणून माझे मत असे, की वेष्टन गिऱ्हाइकाला थांबवते, विश्वास मात्र दुसरीकडून येतो. अँटिव्हायरसचे तसे नाही. तेथे डेमोत दाखवण्यासारखे काही नसल्याने वेष्टनच बरेचसे काम करते.

चाचणीनंतर वेष्टन नव्याने छापायचे ठरल्यास दर्शनी बाजूवर गर्दी करू नये. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी थट्टेने एक चित्रफीत केली होती. ॲपलच्या आयपॉडचा (गाणी ऐकण्याच्या यंत्राचा) खोका आपल्या कंपनीने केला असता तर त्यावर किती मजकूर कोंबला गेला असता, हे तीत दाखवले होते. मागच्या बाजूवर मात्र कंजुषी नको. कोणत्या विंडोजवर चालते, किती संगणकांवर चालते, इंटरनेट सतत लागते की फक्त सुरुवातीला, आणि मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजायची की सॉफ्टवेअर सुरू केल्यापासून, ही उत्तरे तेथे ठळक हवीत. शेवटच्या मुद्द्यावरून जितकी भांडणे काउंटरवर होतात, तितकी किमतीवरून होत नाहीत. खोकाबंद मालावर २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क इत्यादी तपशील छापावे लागतात. ते चिकटपट्टीखाली झाकले जाणार नाहीत, हे पाहावे.

आकाराचा मोह टाळावा. पेटीत वरचा थर मोठ्या फळांचा आणि खाली बारीक फळे भरणाऱ्या बागायतदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा जात नाही; मोठ्या खोक्यात पातळ कार्ड घालणे त्याच जातीचे आहे. कागदाच्या निवडीत आपल्या हवामानाचा विचार करावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मी पहिल्या वर्षी साध्या पुठ्ठ्याची पाकिटे केली. जुलैअखेर त्यांवर बुरशी चढली, खरडायची पट्टी कागदासकट निघू लागली आणि तिच्याखालच्या कीची (सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या सांकेतिक क्रमांकाची) अर्धी अक्षरे तिच्याबरोबर गेली. तेव्हापासून मी लॅमिनेट केलेले कार्ड वापरतो आणि प्रत्येक कीची नोंद गिऱ्हाइकाच्या मोबाईल क्रमांकासह दुकानात ठेवतो.

ज्यांचे सॉफ्टवेअर मोबाईलवर आहे, त्यांनी गूगल प्लेवरील पानालाच वेष्टन समजावे. तेथे नावाला ३० आणि छोट्या वर्णनाला ८० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे तीच एका वाक्याची कसरत करावी लागते. पहिल्या चित्रात सजावट न दाखवता माहिती भरलेला मोबाईलचा पडदा दाखवावा, उदाहरणार्थ खऱ्यासारखी दिसणारी पट्टी आणि तिच्याखाली हातात पडलेली रक्कम.

एक बारीक सूचना राहिली. वेंगुर्ल्याकडच्या एका बागायतदाराकडे गेलो असता माझा रिकामा खोका त्यांच्या फडताळात दिसला. त्यात त्यांनी हंगामाच्या साऱ्या पट्ट्या घडी घालून ठेवल्या होत्या. खोका घरात असा वर्षभर राहतो, म्हणून नूतनीकरणासाठीचा फोन क्रमांक आतल्या कार्डावर न छापता खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या आकड्यांत छापावा.