अँड्रॉइड एम्युलेटर: आधी बायॉस, मग स्टुडिओ

अँड्रॉइड एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा आभासी फोन, रखडायला लागला की बहुतेक जण रॅम वाढवायला धावतात. दुखणं सहसा दुसरीकडेच असतं. एक तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची (आभासी मशीन थेट प्रोसेसरवर चालवण्याची) सोय बंद असते, नाही तर सिस्टम इमेज, म्हणजे आभासी फोनवर चढणाऱ्या अँड्रॉइडची प्रत, त्या प्रोसेसरची नसते. म्हणून आधी हे दोन मुद्दे मार्गी लावा: पहिला अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवण्याचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी, दुसरा स्टुडिओत.

मशीनबद्दल थोडक्यात: अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकदम चालवायचे तर १६ जीबी रॅम हवी. ८ जीबीवरही चालतं, पण ब्राउझर बंद ठेवून आणि कुरकुरत. डिस्क एसएसडी असावी आणि तिच्यावर निदान २० जीबी मोकळी जागा ठेवावी, कारण एक इमेज आणि तिच्यावर साचणारा डेटा मिळून सहज १० जीबीपर्यंत जातात.

व्हर्च्युअलायझेशन

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयू निवडा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन'समोर 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे. 'डिसेबल्ड' असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जावं लागेल. इंटेलवर ही सेटिंग 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स' नावाने असते. एएमडीवर तिला 'एसव्हीएम मोड' म्हणतात आणि काही मदरबोर्डवर ती ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडवलेली असते, त्यामुळे पहिल्या फेरीत सापडली नाही तर गोंधळू नका.

बायॉस झालं की विंडोजच्या 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' या खिडकीत 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म'वर टिक करा आणि मशीन रीस्टार्ट करा. जुन्या लेखांत इथे 'हॅक्सम' हा एम्युलेटरला वेग देणारा इंटेलचा ड्रायव्हर टाकायला सांगितलेलं असतं. त्याचं काम इंटेलने २०२३ मध्ये थांबवलं, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नका. स्टुडिओतल्या एसडीके मॅनेजरमध्ये (लागणारी साधनं उतरवण्याच्या खिडकीत) 'अँड्रॉइड एम्युलेटर हायपरव्हायझर ड्रायव्हर' हाही पर्याय दिसेल, पण हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची आभासी मशीनची व्यवस्था चालू असताना तो चालत नाही. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) किंवा त्यावर चालणारं डॉकर वापरत असाल, तर हायपर-व्हीचा थर चालू असतोच. अशा वेळी विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म हाच मार्ग.

लिनक्सवर केव्हीएम, म्हणजे लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनची सोय, लागते. उबुंटूत 'सीपीयू-चेकर' पॅकेज टाकून 'केव्हीएम-ओके' ही कमांड चालवा; सगळं जागेवर आहे की नाही ते ती स्पष्ट सांगते. परवानगी नाकारल्याचा एरर आला, तर तुमचा युजर 'केव्हीएम' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा. ही शेवटची पायरी विसरली जाते आणि मग 'ग्रुपमध्ये घालूनही तोच एरर' अशी तक्रार सुरू होते. त्याच वेळी व्हर्च्युअलबॉक्सचं मशीन चालू असेल तर ते आधी बंद करा. मॅकवर यातलं काहीच करावं लागत नाही.

इमेज निवडताना

स्टुडिओत एसडीके मॅनेजरच्या 'एसडीके टूल्स' टॅबमध्ये 'अँड्रॉइड एम्युलेटर' आणि 'प्लॅटफॉर्म-टूल्स' या दोन्हींवर टिक आहे ना, ते पाहा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून अधिकच्या चिन्हावरून 'क्रिएट व्हर्च्युअल डिव्हाइस' निवडा. फोनचं मॉडेल कुठलंही चाललं तरी इमेज कुठलीही चालत नाही.

इंटेल किंवा एएमडीवर 'एक्स८६_६४', ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपवर 'एआरएम६४'. उलटसुलट निवड केली तर प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत बसावं लागतं आणि एम्युलेटर गोगलगाय होतो, किंवा सुरूच होत नाही.

पुढचा प्रश्न 'गूगल प्ले' की 'गूगल एपीआय' हा. प्ले स्टोअर असलेल्या इमेजवर रूट, म्हणजे सिस्टमचा पूर्ण ताबा, मिळत नाही. एडीबी या संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या साधनातून 'एडीबी रूट' दिलं की प्रॉडक्शन बिल्ड असल्याचं कारण सांगून ती नकार देते. ॲपचा डेटाबेस उघडून पाहणं किंवा सिस्टममध्ये शिरणं अशा कामांना गूगल एपीआयची इमेज घ्या. इन-ॲप खरेदी तपासायची असेल तरच प्लेची. एपीआय लेव्हलचं (अँड्रॉइडच्या आवृत्तीच्या क्रमांकाचं) म्हणाल, तर एक डिव्हाइस तुमच्या टार्गेट लेव्हलचं आणि एक किमान लेव्हलचं पुरे. प्रत्येक आवृत्तीचं एकेक करून ठेवलं की डिस्क भरते आणि तपासणी मात्र होत नाही.

बाकी सेटिंग फारशा छेडू नका. साध्या ॲपसाठी २ जीबी रॅम आणि ४ कोर पुरतात. इथे जास्त दिलं की तेवढं ग्रेडलला, म्हणजे ॲप बांधणाऱ्या साधनाला, कमी मिळतं आणि बिल्ड लांबतो. ग्राफिक्स 'ऑटोमॅटिक' ठेवा. पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. नंतर 'क्विक बूट'मुळे मागची अवस्था तशीच उघडते.

लोकल सर्व्हर सापडत नाही

एम्युलेटरमध्ये 'लोकलहोस्ट' म्हणजे खुद्द एम्युलेटर. तुमच्या संगणकावरचा सर्व्हर गाठायचा तर पत्ता १०.०.२.२ द्या. ॲपमध्ये पत्ता बदलायचा नसेल तर 'एडीबी रिव्हर्स'ने तोच पोर्ट जोडून घ्या; रिॲक्ट नेटिव्हवाल्यांसाठी तो सहसा ८०८१. पत्ता बरोबर असूनही जोडणी नाकारली जात असेल, तर अँड्रॉइड ९ पासून साध्या एचटीटीपीला मुळातच बंदी आहे हे आठवा. डीबग बिल्डच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये तेवढ्या पत्त्याला सूट द्या. रिलीज बिल्डमध्ये ती सूट नको.

अडलं तर

एम्युलेटरची प्रोसेस सुरू होताच बंद पडत असेल, तर आधी डिस्कवरची जागा बघा, मग ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. तरीही तेच होत असेल, तर ग्राफिक्स 'सॉफ्टवेअर'वर टाका. वेग घटेल, पण दोष ड्रायव्हरचाच आहे का हे कळेल.

विचित्र वागतोय, स्क्रीन काळी आहे, नेट गेलंय? जतन झालेली अवस्था बिघडलेली असू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या मेनूतून 'कोल्ड बूट' करा, म्हणजे ती अवस्था न उघडता ते नव्याने सुरू होईल. त्यानेही भागलं नाही, तरच 'वाइप डेटा', कारण त्यात टाकलेली सगळी ॲप आणि लॉगिन जातात.

'एव्हीडी (म्हणजे तुम्ही तयार केलेलं आभासी डिव्हाइस) आधीच चालू आहे' असं सांगतो, पण खिडकी कुठेच दिसत नाही, असं झालं तर आधी टास्क मॅनेजरमध्ये अडकलेली 'क्यूईएमयू' नावाची प्रोसेस संपवा. मग त्या एव्हीडीच्या फोल्डरमधल्या, नावाच्या शेवटी 'लॉक' असलेल्या फायली काढा.

'एडीबी डिव्हाइसेस'मध्ये 'ऑफलाइन' दिसलं तर 'एडीबी किल-सर्व्हर' आणि मग 'एडीबी स्टार्ट-सर्व्हर'. हे रोजचंच झालं असेल, तर मशीनवर दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांची एडीबी आहे का ते तपासा. त्या दोघी एकमेकींचा सर्व्हर बंद करत राहतात.

इन्स्टॉल करताना 'नो मॅचिंग एबीआय' आलं, तर एपीकेमधल्या (ॲपच्या इन्स्टॉल फाइलमधल्या) नेटिव्ह लायब्ररी फक्त एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेल्या आहेत. बिल्डमध्ये एक्स८६_६४ जोडा.

विंडोजवर युजरच्या नावात इंग्रजीपलीकडची अक्षरं असतील तर एव्हीडीचा मार्ग कधीकधी वाचलाच जात नाही. 'अँड्रॉइड_एव्हीडी_होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरकडे वळवा आणि डिव्हाइस नव्याने तयार करा. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर एव्हीडी हलवायलाही हेच व्हेरिएबल कामी येतं.