मामाचा स्पेक्ट्रम उघडला तर आत भलतीच चिप

मामाने ८४ साली इंग्लंडहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा जुना घरगुती कॉम्प्युटर, माळ्यावरून काढला. चालू करायच्या आधी उघडला हे नशीब, कारण आत कुणीतरी आधीच हात मारून ठेवला होता. रॅमच्या (मेमरीच्या) वरच्या ओळीत सात चिपा बोर्डला सोल्डर केलेल्या, आठवी सॉकेटमध्ये, आणि तिचा नंबर बाकीच्यांशी जुळेना. ज्यांच्याकडे डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस (स्पेक्ट्रमचाच भारतीय अवतार) पडलाय त्यांनी पण वाचा, घराणं एकच आहे.

अशा मशीनमध्ये पहिलं काम म्हणजे प्रत्येक चिपचा नंबर वाचून कागदावर लिहायचा. जागेवर बसलीय म्हणजे बरोबरच असेल असं धरून चालू नका, मी एकदा धरलं होतं आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

मग ॲडॉप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो पण मधली पिन मायनस, आणि हल्लीचे बहुतेक ॲडॉप्टर नेमके उलटे असतात, त्यामुळे मीटर लावल्याशिवाय जोडायचं नाही. जुना ओरिजिनल असेल तर लोड नसताना १२-१३ व्होल्ट दाखवेल, घाबरू नका, तो रेग्युलेटेड नाहीये.

आता खरी गंमत रॅमची. आत दोन बँका आहेत. खालचे १६के म्हणजे आयसी ६ ते १३, या ४११६ चिपा, यांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५, आणि पिन १६ ग्राउंड. चालू करून लगेच हे मोजा, प्रोब घसरू देऊ नका. उणे ५ गायब असेल तर तिथल्या तिथे बंद करा, कारण १२ आहे आणि उणे ५ नाही अशा अवस्थेत ४११६ मरतात. बहुतेक वेळा टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेलेला असतो (झेडटीएक्स६५०), बदलताना शेजारचा टीआर५ पण बदलून टाका, आणि नवा टीआर४ पण उडाला तर ट्रान्झिस्टरला शिव्या देऊ नका, एखादी ४११६ आतून शॉर्ट आहे ती शोधा. आणि कुणी खालच्या ओळीत काहीही बदल न करता ४१६४ (फक्त ५ व्होल्टवर चालणारी ६४ किलोबिटची चिप) ठोकली असेल तर चालू करूच नका, तिचा पिन ८ फक्त ५ व्होल्टचा असतो आणि तिथे येतात १२!

वरचे ३२के म्हणजे आयसी १५ ते २२. सिंक्लेअरने इथे पैसे वाचवायला अर्ध्या खराब ६४ किलोबिटच्या चिपा वापरल्या, चांगला अर्धा भाग कुठला ते चिपच्या नंबरातच असतं. टेक्सासच्या ४५३२ वर शेवटी ३ किंवा ४, ओकीच्या ३७३२ वर एच किंवा एल. आठही एकाच जातीच्या पाहिजेत आणि बोर्डवरची लिंक (जोडतार) त्याप्रमाणे. माझ्याकडे सात चिपा ४ वाल्या आणि सॉकेटमधली ३ वाली. म्हणूनच मशीन सुरू व्हायचं, १९८२ वाला कॉपीराइटचा मेसेज यायचा, पण मोठे गेम चालायचे नाहीत.

हे तपासायला टाइप करा:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

६५५३५ आलं तर ४८के पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर वरची बँक त्याला दिसतच नाहीये. मला ३२७६७.

मी ती चिप काढून पूर्ण चांगली ४१६४ बसवली, तिचे दोन्ही अर्धे भाग चालतात त्यामुळे ३-४ ची भानगड नाही, आणि ६५५३५ आलं. सोल्डर केलेली चिप काढायची असेल तर आधी पाय कापा आणि मग एकेक पाय गरम करून ओढा, अख्खी चिप उपटायला गेलात तर ट्रॅक सोबत येतो. खराब चिप कुठली हे कळत नसेल तर संशयित चिपवर चांगली चिप पाय जुळवून दाबून धरा, पण आतली शॉर्ट असेल तर याने काही कळणार नाही.

शेवटी कीबोर्ड. पाच आणि आठ तारांच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, इतक्या वर्षांत कडक झालेल्या. दुमडू नका, सरळ वर ओढा. माझी एक तुटलीच, आता नवीन मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ पडदा, पट्ट्या त्यालाच असतात) मागवलंय.