आधी आजोबांचा दाखला शोधा

बारावीचा निकाल लागला तेव्हा माझ्याकडे जातीचं प्रमाणपत्र नव्हतं. वाटलं, सेतूत जाऊ, फॉर्म भरू, आठवड्यात काम होईल. नागपुरातल्या एका सेतू केंद्रात नंबर लागायला दुपार झाली. खिडकीतल्या ताईंनी बाबांची टीसी उलटून पाहिली आणि विचारलं, "सदुसष्टच्या आधीचा पुरावा?"

ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हीच तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. बाबांचा जन्मच १९६७ नंतरचा, म्हणजे पुरावा आजोबांचा हवा. शिवाय त्या तारखेला आमचं घर काटोल तालुक्यात होतं, म्हणून प्रमाणपत्र तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडूनच मिळणार. माझा जन्म, शाळा, आधारवरचा पत्ता, सगळं नागपूरचं, पण त्यानं काही होत नाही. दोन आठवडे मी चुकीच्या रांगेत उभा होतो. तुमचे तरी ते दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय.

गणेशपेठच्या स्टँडवरून एसटीनं गावी गेलो. मे महिना, डोक्याला दुपट्टा. शाळेला सुट्ट्या होत्या, तरी गुरुजींनी आमच्यासाठी कुलूप उघडलं आणि जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, कडा हात लागताच झडत होत्या. बोट फिरवत फिरवत गुरुजी एका ओळीवर थांबले. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात.

"आडनाव तं लिहेलच नाही याच्यात," गुरुजी म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

तलाठ्याकडच्या जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदीत तेच नाव आडनावासकट सापडलं. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. शाळेत नोंदच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत जात लिहिलेली असते.

नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे घर सधन गटात मोडत नसल्याचा दाखला, त्यानंतरचं. मर्यादा वर्षाला ८ लाखांच्या उत्पन्नाची, पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आई-वडिलांचं पद मात्र पाहतात. माझ्या एका मित्रानं वडिलांचा पगार पाहून अर्जच केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून पडताळून घेणं, ही तिसरी गोष्ट. विज्ञान शाखेत असाल तर कॉलेजचं पत्र घेऊन बारावीतच अर्ज टाका, निकालाची वाट पाहू नका. आणि दहावीचा फॉर्म भरतानाच आधार, टीसी, जन्मदाखला शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा.

माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. गुरुजींकडून त्या नोंदीची सही-शिक्क्याची आणखी एक नक्कल त्याच दिवशी तिच्यासाठी मागून घेतली.