ठाण्याहून मॅचसाठी ऐनवेळी निघताय? या चुका टाळा

ऐनवेळी ठरवून मॅचला जाणं मला मनापासून आवडतं. सुट्टी जोडून आली, मुंबई इंडियन्सची मॅच अहमदाबादला आहे आणि मित्र तयार आहेत, तर जरूर निघा. फक्त आखणी शेवटच्या चेंडूपासून सुरू करा आणि मागे मागे या. मॅच किती वाजता संपेल, तिथून स्टेशन कसं गाठणार, परतीची गाडी कुठली, नसेल तर झोपणार कुठे, हे आधी. जायचं कसं, हे शेवटी. बहुतेक ग्रुप नेमकं उलटं करतात आणि रात्री बाराला मोटेराच्या, म्हणजे अहमदाबादचं स्टेडियम आहे त्या भागातल्या, रस्त्यावर रिक्षा शोधत उभे राहतात.

पैसे न घेता माणसं मोजणं

"येतोय रे", "बघतो", "नव्व्याण्णव टक्के नक्की", या उत्तरांच्या भरवशावर तिकिटं काढू नका. ग्रुपवर रक्कम टाका, वेळ द्या आणि ज्याने पैसे पाठवले तोच येणार असं सरळ सांगा. कोणी रुसलं तर रुसू द्या. ऐनवेळी दोघं गळाले की त्यांच्या तिकिटांचा भुर्दंड ज्याने तिकिटं काढली त्याच्या माथी बसतो, आणि मैत्रीत खरी कटुता तिथून येते. खर्चाचा हिशोब एकाकडेच ठेवा आणि रोज रात्री ग्रुपवर टाका.

मॅचचं तिकीट नसताना गाडीचं काढणं

"तिकडे गेल्यावर मिळेल" असं म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं ऐकू नका. स्टेडियमबाहेर मिळणाऱ्या तिकिटावरचा बारकोड आणखी किती जणांना विकलाय, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. गेटवर जो आधी स्कॅन करतो तो आत जातो, नंतरचा कितीही भांडला तरी बाहेरच राहतो. याच कारणासाठी तिकिटाचा फोटो बारकोडसकट स्टेटसला टाकू नका.

ऑनलाइन बुकिंग झालं म्हणजे तिकीट हातात आलं असंही धरू नका. काही ठिकाणी मोबाइलवरचं तिकीट चालतं, तर काही ठिकाणी काउंटरवरून कागदी तिकीट घ्यावं लागतं. त्यासाठी ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो माणूस ओळखपत्रासह तिथे लागतो. तोच नेमका मागच्या गाडीने येणार असेल तर सगळेच बाहेर ताटकळतात.

रेल्वेचं तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. एका तत्काळ तिकिटावर जास्तीत जास्त ४ जण बसतात, त्यामुळे सहा जण असाल तर दोघांनी दोन खात्यांवरून एकाच वेळी काढा. २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधारशी जोडलेलं खातं लागतं. ही जोडणी सकाळी पावणेदहाला करायला बसलात तर गाडी गेलीच म्हणून समजा. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये गावी जाणाऱ्यांचीही झुंबड असते, तेव्हा बसचा पर्याय तयार ठेवा.

ठाणेकरांनी बोरिवली जवळ समजणं

अहमदाबादच्या बहुतेक गाड्या पश्चिम रेल्वेच्या, म्हणजे आपल्याला बोरिवली गाठावं लागतं. सकाळची वंदे भारत पकडायची तर पहाटे घोडबंदर रोड मोकळा मिळेल असं गृहीत धरू नका. गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला तरी रांग लागते. किमान तासभर हाताशी ठेवा. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार आधी बघून घ्या. उतरायचं स्टेशनही नीट वाचा. अहमदाबादचं मुख्य स्टेशन कालूपूरला आहे, साबरमती वेगळं आणि मोटेराला जास्त जवळ. काही गाड्या साबरमतीलाच संपतात.

मॅच वेळेत संपेल असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आयपीएलची साडेसातची मॅच सरळ चालली तरी संपायला साडेअकरा वाजतात. त्यावर सुपर ओव्हर किंवा पाऊस आला की गणित कोलमडतं. अहमदाबादलाच झालेला आयपीएल २०२३ चा अंतिम सामना आठवा. २८ मे, रविवार. पावसामुळे टॉसही झाला नाही आणि सामना राखीव दिवशी गेला. परतीची तिकिटं रविवार रात्रीची किंवा सोमवार सकाळची काढून आलेली माणसं अडकली. चेन्नईहून आलेले लोक पिवळ्या जर्सीत अहमदाबाद स्टेशनच्या फरशीवर झोपलेले होते, ते फोटो तेव्हा सगळ्यांनी पाहिले. सोमवारी पुन्हा पाऊस झाला, आणि चेन्नईच्या जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून सामना जिंकला तेव्हा मंगळवारची पहाट सुरू झाली होती. ज्यांनी कागदी तिकीट जपलं होतं त्यांनाच दुसऱ्या दिवशी आत जाता आलं. पाऊस आला म्हणून तिकीट फाडू नका, टाकू नका.

घरच्या मैदानावरही हे होतं. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. तो सामना तीनला सुरू व्हायचा होता. पावसाने पाच वाजले आणि निकाल लागेपर्यंत मध्यरात्र झाली. असा क्षण गाडीच्या भीतीने अर्धवट सोडावा लागू नये, एवढ्यासाठीच ही आखणी. नेरूळहून ठाण्याला यायचं तर शेवटच्या लोकलची वेळ सकाळीच बघा, ती चुकली तर कोणाच्या घरी थांबायचं ते ठरवा, आणि रविवार असेल तर हार्बर आणि ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक तपासा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की मुक्काम करायचा नसेल तर दुपारी साडेतीनची मॅच निवडा. ती सहसा आठच्या आत संपते. उन्हाचा त्रास होतो हे खरं, तेव्हा पश्चिमेकडचा स्टँड घ्या. सूर्य पाठीशी राहतो आणि सावली लवकर येते. रात्रीची असेल तर खोली घ्याच, आणि ऑनलाइन बुकिंग झाल्यावर हॉटेलला फोन करून पक्कं करा. मोठ्या सामन्याच्या वेळी भाव चढले की स्वस्तात दिलेल्या खोल्या रद्द होतात. मोटेराला मेट्रो स्टेडियमच्या दारापर्यंत जाते. सामन्याच्या रात्री तिची वेळ वाढवतात, ती तारखेप्रमाणे बघून घ्या आणि परतीचं तिकीट मिळत असेल तर जातानाच काढा.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो, साडेअकराला मॅच संपवून पाचशे किलोमीटर चालवत ठाण्याला यायला निघू नका. दिवसभर उन्हात फिरून आणि मॅचमध्ये ओरडून दमलेला मित्र "मी जागाच आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या हातून किल्ली काढून घ्या.

बॅग घेऊन गेटवर जाणं

बाटली, छत्री, पॉवर बँक, सेल्फी स्टिक, मोठी बॅग, काही मैदानांवर नाणीसुद्धा आत सोडत नाहीत. गेटवर पोलीस पॉवर बँक काढायला लावतात आणि ती मिळेल त्या कोपऱ्यात ठेवून जावं लागतं. परत मिळेलच असं नाही. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, तेव्हा लहानसं कुलूप घरूनच न्या. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, बॅगेत बाटली नको.

आत नेटवर्क जातं. फोन लागत नाही, यूपीआय अडकतं. थोडी रोख ठेवा आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरण्याआधी ठरवा. "गेटवर" असं नको, गेट बरेच असतात. ग्रुपमध्ये मैत्रिणी असतील तर बाहेर पडताना कोणीही एकटं मागे राहणार नाही, हे आधीच बोलून घ्या.

सामनाच रद्द झाला तर

एकही चेंडू पडला नाही तर सहसा तिकिटाचे पैसे परत मिळतात. ते ज्याने बुकिंग केलं त्याच्याच खात्यात येतात, आणि यायला काही दिवस लागतात. हिशोब ठेवणाऱ्याने कोणाला किती परत द्यायचे ते त्याच रात्री लिहून ठेवावं. बाहेरून घेतलेल्या तिकिटावर तो दावाही करता येत नाही.