बहुपर्यायी प्रश्न काढताना या चुका टाळा

बहुपर्यायी प्रश्न काढताना बहुतेकांची मेहनत प्रश्न आणि बरोबर उत्तर यांवरच खर्च होते. चुकीचे पर्याय शेवटी घाईत भरले जातात, आणि प्रश्न तिथेच फसतो.

१/२ + १/३ किती? ५/६ सोबत ७, ४० आणि १०० दिले, तर बेरीज न येणारा मुलगाही बरोबर खूण करेल. त्याऐवजी २/५, २/६ आणि १/६ देऊन बघा. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारा २/५ निवडतो. छेद समान करून अंश तसेच ठेवणारा २/६ वर जातो, तर गुणाकार करणारा १/६ वर. कोणाचं काय कच्चं आहे, हे आता उत्तरपत्रिकाच सांगते. असे पर्याय बसल्या जागी सुचत नाहीत. तोच प्रश्न आधी पर्यायांशिवाय सोडवायला द्या आणि वह्यांतल्या चुका टिपून ठेवा. तीन दमदार चुका मिळाल्या नाहीत, तर दोनच ठेवा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून ३३ वर जाते हे खरं, पण कोणीच न निवडणारा पर्याय भरल्याने ती कमी होत नसते.

मराठीत प्रश्न काढताना लिंग-वचनाकडे फार दुर्लक्ष होतं. ‘पेशीत ऊर्जा निर्माण करणारी ____ असते’ असं विचारून तंतुकणिका, केंद्रक, गुणसूत्र हे पर्याय दिले, तर ‘करणारी’ या शब्दानेच उत्तर फुटतं. ‘पेशीत ऊर्जानिर्मिती कुठे होते?’ असं सरळ विचारा.

बरोबर पर्याय सर्वांत लांब नको. ‘नाही’ विचारायचंच असेल तर तो शब्द ठळक करा. ‘वरीलपैकी सर्व’ मात्र मी टाळायलाच सांगेन: दोन पर्याय बरोबर असल्याचं कळलं की तिसरा वाचायची गरजच उरत नाही.

परीक्षेनंतर गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढा. वर्ग लहान असेल तर सरळ निम्मे-निम्मे करा. एखादा प्रश्न वरच्या गटाचाच जास्त चुकला असेल, तर आधी उत्तरसूची तपासा. ती बरोबर निघाली, तर त्या मुलांनी निवडलेला पर्याय पुन्हा वाचा. बऱ्याचदा तोही एका अर्थाने बरोबर असतो. तसं असेल तर त्याचेही गुण द्या आणि पुढच्या वेळेसाठी प्रश्न दुरुस्त करा.